एकदा तरी स्वतः लिहा!

‘धडा१*’ या नमुन्यात बसणाऱ्या सगळ्या फाइली पुसून टाक, असे संगणकाला सांगितले, तर पहिल्या धड्याबरोबर धडा१० आणि धडा११ हेही पुसले जातील. यात संगणकाची चूक नाही. ‘येथे कितीही अक्षरे चालतील, एकही नसले तरी चालेल’ असाच तारकेचा अर्थ आहे. अशा सढळ चिन्हाचे काम आतून कसे चालते, हे ठाऊक असलेच पाहिजे. त्यासाठी नमुना व नाव जुळवणारे फंक्शन सी भाषेत एकदा तरी स्वतः लिहावे, असे आमचे मत आहे.

कोणी म्हणेल, आयते मिळत असताना हा खटाटोप कशाला? १९७१ सालच्या पहिल्या युनिक्समध्ये हे काम ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम करीत असे. आज युनिक्स पद्धतीच्या संगणकांवर सी भाषेसाठी ‘एफएनमॅच’ हे फंक्शन तयार असते. रोजच्या कामात खुशाल तेच वापरावे. पण गंमत पाहा, नाव जुळले की ते शून्य परत करते आणि सी भाषेत शून्य म्हणजे ‘खोटे’! आयती वस्तूही समजून घ्यावीच लागते.

आता ‘*सकट’ हा नमुना आणि ‘सरसकट’ हे नाव घ्या. प्रथम तारकेने काहीच गिळले नाही असे धरा. स ला स जुळला, पण क समोर र आला. मागे फिरा. तारकेला एक अक्षर द्या. तरीही जमत नाही. दोन अक्षरे दिली, की उरलेले ‘सकट’ नेमके जुळते. चुकले की तारकेपाशी परतायचे आणि तिला आणखी एक अक्षर द्यायचे, एवढीच युक्ती!

तारका अनेक असतील तर? प्रत्येकीच्या सगळ्या शक्यता तपासणे हा झाला आंधळा मार्ग. ‘क*’ दहा वेळा व शेवटी ‘ख’ असा नमुना आणि वीस क असलेले नाव घ्या. पहिला क ठरलेलाच असतो. उरलेले नऊ क बसवण्याच्या तऱ्हा ९२,३७८ होतात आणि शेवटी उत्तर ‘नाही’च! खरे तर फक्त शेवटची तारका लक्षात ठेवली तरी पुरते. आधीच्या तारकांनी कमीत कमी गिळले म्हणजे पुढच्यांना जास्तीत जास्त वाव राहतो. त्यांच्यापाशी परतून नवे काही हाती लागत नाही. मग अक्षरांच्या अवघ्या २० तुलनांत उत्तर मिळते. हे शहाणपण फंक्शन नुसते वापरून येत नाही.

मराठी मुलांना आणखी एक कारण आहे. ‘?’ म्हणजे कोणतेही एक अक्षर. पण यूटीएफ-८ पद्धतीत आपला ‘क’ तीन बाइट व्यापतो. बाइटमागून बाइट तपासणाऱ्या फंक्शनात एका ‘?’ ने तो झाकला जात नाही. ‘की’ तर सहा बाइटांची! मग ‘एक अक्षर’ म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

तेव्हा वही-पेन्सिल घ्या, आधी कागदावर जुळवा, मग संगणकावर लिहा. रिकामे नाव आणि नुसती तारका यांवरही ते पारखून पाहा. आणि फाइली पुसण्यापूर्वी त्याच नमुन्याने त्यांची यादी काढून वाचण्याची सवय लावा.