टण्ण... आणि युधिष्ठिर

मंडळी, आधीच सांगतो, मी नेमबाज वगैरे नाही. आठवडाभर क्यूबिकलमध्ये बसून दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधले बग शोधणारा साधा माणूस. पण गेल्या दिवाळीत दवनीवाड्याला मामाच्या घरी चार दिवस लोखंडी टार्गेट उभारण्यात घालवले, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ती आज लिहूनच टाकतो.

आधी थोडा फ्लॅशबॅक. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला उतरायचं आणि तिथून एसटीने दवनीवाडा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. मामाकडे एक जुनी एअरगन होती. एका दुपारी मोठी माणसं झोपलेली असताना आम्ही पोरांनी ती काढली. आजीचा टाकून दिलेला पोळ्यांचा तवा तारेने मोहाच्या झाडाला टांगला आणि पाच-सहा पावलांवरून छर्रे मारायला लागलो. लागला की काय आवाज यायचा महाराजा! टण्ण! कागदाला भोक पडलं की नाही ते जवळ जाऊन बघावं लागतं. लोखंड मात्र तिथल्या तिथे निकाल देतं. नशाच ती.

आठवा की नववा छर्रा तव्यावरून उलटा आला आणि बाजूला उभ्या असलेल्या मावसभावाच्या भुवईत घुसला. डोळ्यापासून जेमतेम बोटभर अंतर. डोळा वाचला, पण खूण अजून आहे. एअरगन माळ्यावर गेली आणि घरात एकच नियम झाला : हात लावायचा नाही. का उलटा आला, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

तर झालं असं की, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्रॉंझ पदक मिळवलं. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला आपला पोरगा! ५० मीटरवरच्या त्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. मामेभावाच्या चौदा वर्षांच्या पोराने ते टीव्हीवर पाहिलं आणि तेव्हापासून त्याचा डोळा माळ्यावर. दिवाळीत मी पोचलो तर साहेबांनी जुना तवा शोधून ठेवलेला! माझ्या पोटात गोळाच आला.

घरात दोन पक्ष पडले. वहिनी म्हणाली, विहिरीत टाका ती बंदूक. मामा म्हणाले, "काहून इतका भेऊन राहिला बापा? आम्ही नाही का चालवली?" मला दोन्ही पटेना. नुसतं 'हात लावू नको' हा नियम दुपारी मोठे झोपेपर्यंतच चालतो, हे मी स्वतः सिद्ध केलेलं होतं. म्हटलं, करूया, पण नीट करूया.

आधी कायदा. आपल्याकडे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू होतात. मामाची त्या मर्यादेतली. तरी पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. जिल्हा वर्षानुवर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेलेला. तिथे 'शेतात बंदूक चालतेय' ही बातमी आपल्या तोंडून गेलेली बरी.

मग तव्याचा हिशेब. तवा खोलगट, आणि खोलगट बाजू आमच्याकडे होती. त्यामुळे छर्रा कडेला लागला की वळून परत आमच्याच दिशेने. वर अंतर पाच पावलं. अपघात झाला नसता तरच नवल!

गोंदियाच्या फॅब्रिकेटरकडून सहा मिलिमीटर जाडीची, सपाट, बशीएवढी गोल प्लेट कापून आणली. वर एक भोक, त्यात मागे लांब निघालेला बोल्ट आणि बोल्टच्या टोकाला साखळी. असं टांगलं की प्लेटची वरची कड आपल्याकडे झुकते आणि तोंड जमिनीकडे होतं. शिशाचा छर्रा लोखंडावर चपटा होतो, फुटतो, आणि त्याचे तुकडे खाली रेतीच्या घमेल्यात जातात. प्लेट झुलते, म्हणजे थोडा मार तीही पचवते. मागे विहिरीतून काढलेल्या मातीचा डोक्याएवढा उंच ढीग. अंतर टेपने मोजून दहा मीटर. छर्रे फक्त शिशाचे. स्टीलच्या गोळ्या अजिबात नाहीत, कारण त्या चपट्या होत नाहीत, सरळ परत येतात. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचे गॉगल, मारणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्याही. प्लेटवर खड्डा दिसला की प्लेट बाद, कारण खड्डा म्हणजे छोटा तवाच. शेवटी साबणाने हात धुणे, शिसं पोटात जायला नको म्हणून.

(खऱ्या काडतुसांचा विचारही या प्लेटवर करू नका. त्याला ५०० ब्रिनेलच्या आसपास कडक केलेलं पोलाद, जास्त अंतर आणि रीतसर रेंज लागते. साध्या लोखंडात गोळी खड्डा पाडते आणि तुकडे परत पाठवते.)

हे सगळं करताना मला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवत होती. झाडावर बसवलेला तो पक्षी कारागिरांकडून बनवून घेतलेला, खोटा होता, हे आपण विसरतो. मेक्सिकोतही जिवंत जनावरं बांधून नेम धरायचे. १९४८ मध्ये तिथे कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या आकाराचे लोखंडी पत्रे उभे केले गेले आणि त्यातून एक नवा खेळच जन्माला आला. गोंदिया तालुक्यातल्या तलावांवर, धानाच्या बांध्यांत सारस उतरतात. महाराष्ट्रात आता हा पक्षी उरलाय तो मुख्यतः याच जिल्ह्यात. पोराच्या हातात बंदूक आणि समोर पक्षी, हे होऊ द्यायचं नसेल तर समोर टण्ण वाजणारं काहीतरी हवंच.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. त्या परीक्षेत युधिष्ठिर नापास झाला. काय दिसतं विचारल्यावर तो म्हणाला : झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. अर्जुनाला फक्त पक्षी दिसला, पुढे तर फक्त त्याचं डोकं, आणि आपण पिढ्यानपिढ्या टाळ्या वाजवतोय. आमच्या ऑफिसातही तेच. फोकस, फोकस, डेडलाईन, आणि मागे उभा असलेला मावसभाऊ कोणालाच दिसत नाही. मला वाटतं नेम धरायला अर्जुन हवाच, पण टार्गेट उभारायला आणि 'आता मारा' म्हणायला युधिष्ठिर पाहिजे. त्याला नापास करणारी शाळा आपण कधीतरी बदलायला हवी.

भाऊबीजेच्या सकाळी चुन्याची रेघ आखली. रेघेपुढे माणूस असेल तर नळी उघडी आणि बंदूक खाली, हा नियम. पोराने पाच छर्रे मारले, तीन टण्ण. सहावा भरला, डोळा लावला, श्वास रोखला... आणि अचानक नळी मातीच्या ढिगाऱ्याकडेच ठेवून बोट काढून घेतलं. "थांबा, काकूची शेळी."

ढिगाऱ्याच्या कडेला खरंच एक शेळी चरत आली होती. आम्हा तिघा मोठ्यांपैकी एकालाही दिसली नव्हती.

मामा काही बोलले नाहीत. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शेळी हाकलायला गेले. जायच्या आधी नळी उघडी आहे ना, हे मात्र वळून बघितलं.

असो. जुना तवा मी पुण्याला घेऊन आलोय. डेस्कशेजारी टांगलाय, खोलगट बाजू माझ्याकडे करून.