गोव्यात थंडी कुठली?

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की आपल्या किनाऱ्यावर होड्या पाण्यात लोटायची घाई सुरू होते. त्याच दिवसांत शापोऱ्यापासून तळपणपर्यंत एक दृश्य हमखास दिसते. होडीच्या मागे जुनी टू-स्ट्रोक मोटर, दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला होडीवाला आणि सल्ले देणारे चौघे. निदान मात्र सर्वांचे एकच: "इंजिन थंड पडलंय."

मला हे निदान पटत नाही. बर्फाळ मुलखात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून तिथे इंजिन अडते हे खरे. आपल्याकडे ऑगस्टात पारा २० अंशांखालीही सहसा जात नाही. चोक ओढल्यावर एवढ्या उबेत निरोगी मोटरने चार-पाच ओढींत आवाज द्यायलाच हवा. ती देत नसेल, तर तिला पावसाळाभर आपण कशी ठेवली, हे आधी विचारावे.

टाकीत जूनपासूनचे पेट्रोल असते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि ते हवेतली ओल शोषते. ओल फार झाली की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी बसतात. त्या थरात ऑइल जवळजवळ नसते, म्हणजे तो इंजिनात गेला तर पिस्टनचे काही खरे नाही. कार्बुरेटरात राहिलेले पेट्रोल सुकून चिकट होते आणि बारीक जेट बुजवते.

तेव्हा आधी ताजे पेट्रोल घाला. ऑइलचे प्रमाण तुमच्या मोटरच्या पुस्तिकेतले. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा, नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबा, स्टॉप-स्विचची क्लिप जागेवर आहे ना ते पाहा. तरीही नाही? प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले किंवा ठिणगी कमजोर आहे. प्लग पुसा, चोक बंद करा, थ्रॉटल उघडून दोन-चार ओढी द्या. ठिणगी तपासताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब. चोक ओढल्यावर चालते आणि सोडला की मरते, अशी मोटर असेल तर जेट तुंबलेला आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. हे सगळे ठीक असूनही ती उठली नाही, तर रिंगा किंवा क्रँकचे सील गेले असतील. मग मिस्त्रीच गाठा.

प्लगच्या भोकात नुसते पेट्रोल ओतायची आपली सवय मात्र सोडायला हवी. ते सिलिंडरवरचे ऑइल धुऊन टाकते. मोटर क्षणभर गुरगुरते आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून माणूस निघतो. नदीच्या मुखाशी लाट आडवी येत असताना तीच मोटर बंद पडली, तर तिथे सल्ला द्यायला चौघे नसतात.

खरा इलाज मे महिन्यातला आहे, तोही अर्ध्या तासाचा. मोटर गोड्या पाण्यात चालवावी, मग पेट्रोलची नळी काढून कार्बुरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यावी. शेवटी प्लगच्या भोकातून थोडे ऑइल घालून दोरी दोन-तीनदा हळू ओढावी. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. ही त्या मोटरची पूजाच समजा.