निबंध कोणाचा?

शाळेंतील निबंध हें आपल्या घरांतून बहुधा सामाईक काम असतें. आरंभींचें सुभाषित आजोबा सुचवितात, मधलीं वाक्यें काका सांगतात आणि मुलाकडे केवळ शुद्धलेखन उरतें. गुण चांगले पडतात. परंतु त्या विषयावर मुलाचें स्वतःचें मत काय, हें कोणासच कळत नाहीं.

या दृष्टीनें केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजचा उपक्रम पाहण्यासारखा आहे. आठव्या हेन्रीनें इ. स. १५४६ मध्यें स्थापिलेलें हें कॉलेज अद्याप शाळेंतच शिकत असलेल्या मुलामुलींसाठीं निबंधस्पर्धा ठेवतें. इंग्लंडांत शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांस ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. त्यांतील पहिल्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या अकरावीच्या वयाच्या, विद्यार्थ्यांकरितां या स्पर्धा असतात. राज्यशास्त्राचें पारितोषिक आर. ए. बटलर यांच्या नांवें आहे. १९४४ चा शिक्षणविषयक कायदा करून माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत करणारे हे मंत्री पुढें १९६५ ते १९७८ या काळांत ट्रिनिटीचे प्रमुख होते. मराठ्यांच्या इतिहासामुळें आपणांस परिचित असलेल्या अटकेसच त्यांचा १९०२ सालीं जन्म झाला.

इतिहासाचें पारितोषिक रॉबर्ट रॉब्सन या ट्रिनिटींतील इतिहासकार अध्यापकांच्या स्मरणार्थ २००७ सालीं सुरू झालें. दिलेल्या प्रश्नांपैकीं एक निवडून त्यावर दोन ते अडीच हजार शब्द लिहावयाचे असतात. एवढ्या लांबीला पाठ केलेलीं वाक्यें पुरत नाहींत. पुस्तकें धुंडाळावीं लागतात, पुराव्यांची तुलना करावी लागते. बक्षिसाची अर्धी रक्कम विद्यार्थ्यास व अर्धी त्याच्या शाळेस मिळते, कारण शिकणाऱ्याबरोबर शिकविणाऱ्याचाही गौरव व्हावा, हा या पारितोषिकाचा एक हेतु आहे.

वडीलधाऱ्यांचा वांटा येथें मान्य केलेला आहे; मात्र तो शिकविण्याचा आहे, लिहून देण्याचा नव्हे. हल्लीं क्षणांत निबंध लिहून देणारीं यंत्रें घरोघर आलीं आहेत, व तीं आलीं म्हणून आपण हळहळतों. परंतु मुलाच्या जागीं दुसऱ्यानेंच विचार करावयाचा, तर यंत्र काय आणि काका काय, दोघे सारखेच!

येत्या सुटींत घरांतील अकरावीच्या मुलास वा मुलीस इतिहासांतील एक वादाचा प्रश्न, दोन परस्परविरोधी पुस्तकें आणि पंधरा दिवस द्यावेत. विचारावें इतकेंच : तुला काय वाटतें? कशावरून? उलट पक्षाचें म्हणणें काय? मग एके रात्रीं जेवणानंतर तो निबंध सर्वांसमक्ष वाचावयास सांगावें. आजोबांचें मत त्यांत खोडलेलें असेल, तर त्यांनीं तो शेवटपर्यंत ऐकावा आणि आपलें उत्तर दुसऱ्या दिवशीं द्यावें. नातवंडास याहून मोठें बक्षीस कोणतें?