दाराशी आलेला ग्रंथगाडा

वाचक ग्रंथालयात येत नसेल, तर दोष वाचकाचा, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात हेगर्सटाउनच्या ग्रंथपाल मेरी टिटकम यांना ती मान्य नव्हती. त्यांनी आधी खेडोपाडी दुकानांतून, टपालकचेऱ्यांतून पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. तरी आडवाटेची शेतघरे उरलीच. म्हणून १९०५ साली दोन घोड्यांचा ग्रंथगाडा निघाला. हाकणारे ग्रंथालयाचेच सेवक, जोशुआ थॉमस. गाडा होता काळा! एका गृहस्थाने तो प्रेतगाडा समजून, येथे थांबण्याचे कारण नाही, असे बजावले. मग चाके तांबडी रंगवण्यात आली. १९१० मध्ये रेल्वे ओलांडताना मालगाडीने त्याचा चुराडा केला. मोटार आली ती १९१२ साली. मधला काळ त्या शेतघरांनी ग्रंथगाड्यावाचून काढला.