जनपदोद्ध्वंस, टाळेबंदी आणि काढ्याची पुडी

चैत्र शुद्ध प्रतिपदा, २५ मार्च २०२०. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस म्हणजे गुढीपाडवा होता, हे आता अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, पण कडुनिंबाची डहाळी आणायला कोपऱ्यापर्यंत जाण्याचीही लोकांना धास्ती वाटत होती. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात आढळले, १३ मार्चला राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, २३ मार्चला संचारबंदी आली आणि २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली. पुढे ही मुदत ३ मे, १७ मे, ३१ मे अशी लांबत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्या दिवसांत आपल्या व्यवसायाकडून काय घडले आणि काय घडावयास हवे होते, याचा विचार शांतपणे करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय त्या वर्षी जितक्या वेळा सांगितला गेला, तितका त्यापूर्वीच्या दहा वर्षांत सांगितला गेला नसेल. संगणकाच्या पडद्यावर भरलेल्या प्रत्येक परिसंवादात वायू, जल, देश आणि काल या चार भावांची दुष्टी ऐकावयास मिळाली. (त्याच अध्यायात राज्यकर्त्यांच्या अधर्माविषयीही स्पष्ट विवेचन आहे, त्याच्या वाटेला मात्र फारसे कोणी गेले नाही.) परंतु या उपदेशाच्या मुळाशी अग्निवेशाचा जो प्रश्न आहे, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. माणसांची प्रकृती निराळी, आहार निराळा, बल निराळे, सात्म्य निराळे, वयेही निराळी; असे असताना एकाच वेळी एकाच व्याधीने जनपदाचा नाश कसा होतो? आत्रेयांचे उत्तर असे की, माणसे निराळी असली तरी त्यांचा वायू, त्यांचे जल, त्यांचा देश आणि काल समान असतो. जे समान आहे ते बिघडले की सर्वांनाच बाधते.

या उत्तरातून कामाची वाटणी आपोआप होते. जे समान आहे त्याचा बंदोबस्त सर्वांनी मिळून, म्हणजे आजच्या भाषेत शासनाने आणि नगरपालिकेने, करावयाचा. जे माणसागणिक बदलते, ते पाहणे हे वैद्याचे काम. प्रकृती, अग्नी, वय, ऋतू, पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे हा आपला प्रांत. टाळेबंदीच्या काळात नेमकी उलटापालट झाली. व्यक्तिगणिक विचार करण्याचे शास्त्र ज्यांच्या हाती होते, त्यांच्यापैकी अनेकांनी सबंध गावाला एकच पुडी वाटली. आमचा सर्व आक्षेप एवढ्यापुरताच आहे.

समान भावांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. चार भावांपैकी वायू टाळणे त्यातल्या त्यात सोपे, जल त्याहून अवघड, देश त्याहून अवघड आणि काल सर्वांत दुष्परिहार्य, असा क्रम चरकांनी दिला आहे. कोविड हा मुख्यतः श्वासावाटे, कोंदट हवेतून पसरणारा व्याधी निघाला. ज्यांच्या घराला चार खिडक्या होत्या, त्यांना वायू टाळणे खरोखर सोपे गेले. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आणि मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालय अशी ज्यांची स्थिती, त्यांना घरातच राहा म्हणणे म्हणजे त्याच वायूत राहा म्हणणे होते. सुश्रुतांनी जनपदोद्ध्वंसात स्थानपरित्याग सांगितला आहे. १८९७ च्या प्लेगमध्येही घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहण्याचा मार्ग महाराष्ट्राने पाहिला होता. २०२० मध्ये आज्ञा उलट होती, आणि स्थान सोडून निघालेल्या मजुरांचे महामार्गांवर काय हाल झाले, ते सर्वांनी पाहिले. यावरून टाळेबंदी अशास्त्रीय होती असे कोणी म्हणू लागल्यास ते आम्हांस मान्य नाही. निःश्वास, गात्रसंस्पर्श, एकत्र भोजन, एकत्र शयन, दुसऱ्याची वस्त्रे यांतून रोग संक्रांत होतात, हे कुष्ठनिदानात सुश्रुतांनीच सांगून ठेवले आहे. अंतर राखणे त्यात अभिप्रेत आहे. ग्रंथाचा आधार घ्यावयाचा तर दोन्ही वचने एकत्र वाचावी लागतात, इतकेच.

आता काढ्याविषयी. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० रोजी सूचनापत्रक काढले. त्यात गरम पाणी, हळद घातलेले दूध, सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश (मधुमेह्यांसाठी साखरेविना), नाकपुड्यांना तिळाचे वा खोबऱ्याचे तेल किंवा तूप, आणि तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा, असे सांगितले होते. पाठोपाठ एप्रिलमध्ये तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक भाग अशा प्रमाणाचा आयुष क्वाथ आला. तीन ग्रॅम भरड दीडशे मिलिलिटर पाण्यात, तोही दिवसातून एकदा किंवा दोनदाच. प्रतिकारासाठी साहाय्य एवढाच या पत्रकाचा दावा होता. इतकेच नव्हे, तर कोविड बरा करण्याचे दावे व जाहिराती थांबवाव्यात असा आदेश त्याच मंत्रालयाने १ एप्रिलला काढला होता. पत्रक घरोघरी पोहोचले, आदेश फारसा कोणाच्या वाचनात आला नाही.

मग चैत्र सरला, वैशाख आला. ग्रीष्मात कटू, अम्ल, लवण आणि उष्ण यांचा वापर टाळावा, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. त्याच वैशाखात लोक सुंठ-मिऱ्याचा काढा पाण्याऐवजी पीत होते. रस्ते बंद, चालणे-फिरणे नाही, पंख्याखाली दिवसभर बैठक, रात्री दोनपर्यंत दूरचित्रवाणीवर आकड्यांची उजळणी, नवनव्या तळणीचे प्रयोग, आणि वर हा काढा. आमच्याकडे त्या दोन महिन्यांत तोंड आलेले, घोळणा फुटलेला, छातीत जळजळ, मूळव्याधीतून रक्त, मूत्रदाह अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांचा ओघ होता. दिवसातून किती वेळा घेता असे विचारल्यावर चार-पाच वेळा असे उत्तर सहज मिळे. नैसर्गिक आहे, अपाय काय होणार, हे वाक्य त्यांना कोठून मिळाले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे ते आपल्याच भिंतींवर लटकत आले आहे. अशांना काढा बंद करून धने-जिऱ्याचे पाणी, मनुका, तूप-भात आणि रात्री वेळेवर झोप सांगितली की आठवड्यात बरे वाटे. चिकित्सा इतकी साधी होती. मात्र ती सांगण्यासाठी दवाखाना उघडा असावा लागतो.

औषधविक्रेत्या बांधवांविषयी येथे न्यायबुद्धीने लिहिले पाहिजे. त्या काळात अनेकांनी पोलिसांचे पास मिळवून, पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्ल्यांतून वाट काढीत दुकाने चालू ठेवली. माल येत नव्हता, कामगार गावी गेले होते, काष्ठौषधींचे भाव दर आठवड्याला बदलत होते. तरीही आमवाताच्या, श्वासाच्या जुन्या रुग्णांना त्यांची औषधे मिळाली, ती या मंडळींमुळे. तथापि ‘इम्युनिटी’ हा शब्द छापलेले जे जे बाजारात आले ते ते फळीवर मांडले गेले, हेही खरे. गिऱ्हाईक स्वतःच मागते, नाही दिले तर शेजारच्या दुकानातून नेते, ही अडचण आम्ही समजू शकतो. पण पुडी देताना दोन प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत.

ते प्रश्न न विचारल्याची किंमत गुळवेलीने चुकवली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा त्रेचाळीस रुग्णांची माहिती प्रकाशित केली. आयुष मंत्रालयाने खुलासा केला की, गुळवेलीऐवजी तिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल वापरात आली असण्याची शक्यता तपासावयास हवी. आपल्या वर्तुळात या प्रकरणावर संताप व्यक्त झाला. षड्‌यंत्र, बदनामी असे शब्दही कानांवर आले. आम्हांस हा संताप निरुपयोगी वाटतो. त्या महिन्यांत गुळवेल कुंपणावरून तोडली जात होती, भाजीच्या गाडीवर जुड्या बांधून विकली जात होती, आणि कोणी किती दिवस, कोणत्या रूपात, कोणत्या आजारावर घेतली याचा कोणापाशी हिशोब नव्हता. वेल कोणती होती, हे आज ठामपणे सांगण्यास लागणारा पुरावा आपल्याकडे नाही. मूळचा यकृतविकार किंवा स्वतःच्याच धातूंवर उलटणारा प्रतिकार ज्याच्या शरीरात आहे, त्याला प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून काहीही सरसकट द्यावे का, हा प्रश्न आयुर्वेदाच्या विरोधातला मुळीच नाही. तो आपल्याच शास्त्राचा प्रश्न आहे. रसायन देण्यापूर्वी शोधन, अग्नी आणि बल पाहावे, असे आपणच शिकलो ना?

काढ्याच्या या गदारोळात ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, त्यांची संख्या मोठी आहे. मधुमेहाची गोळी संपली म्हणून थांबलेले, रक्तदाब तीन महिने न मोजलेले, गर्भिणी, आणि खोकला आहे असे कोणाला सांगितले तर उचलून नेतील या भीतीने गप्प राहिलेले. क्षयरोगाचे आकडे पाहावेत. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. एका वर्षात सहा लाख माणसांचा क्षय नाहीसा झाला असे मानण्याइतके भोळे कोणीच नसेल. ती माणसे खोकत घरी बसली होती, त्याच दहा बाय दहाच्या खोलीत. दोन आठवड्यांपलीकडे टिकलेला कास, संध्याकाळचा बारीक ज्वर आणि उतरलेले वजन हे प्रथम दिसते ते गल्लीतल्या वैद्याला, मोठ्या रुग्णालयाला नव्हे. दवाखाने आणि औषधालये टाळेबंदीतून वगळलेली होती. एप्रिल २०२० मध्ये दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम आयुर्वेदासाठीही जाहीर झाले. दूरध्वनीवर नाडी कळत नाही हे खरे, पण खोकला किती दिवसांचा आहे हे कळते.

आपल्यापैकी ज्यांनी हे केले, त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. राज्यातील कोविड केंद्रांत दिवस-रात्र पाळ्या केलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांत बी.ए.एम.एस. झालेले तरुण-तरुणी मोठ्या संख्येने होते, अल्प मानधनावर, घामाने निथळणाऱ्या त्या पोशाखात. धारावीत अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेरच्या दाट वस्तीत महापालिकेने स्थानिक खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर ताप तपासला, तेव्हा दारे उघडली गेली ती ओळखीच्या चेहऱ्यांसाठी. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा कार्यकर्त्या हाच परिचय घेऊन हिंडल्या. वस्तीचा विश्वास हे आपल्या व्यवसायाचे सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि ते काढ्याच्या विक्रीत खर्ची घालणे आम्हांस परवडणारे वाटत नाही.

राहता राहिला नोंदीचा विषय. ६ ऑक्टोबर २०२० रोजी आयुर्वेद व योगावर आधारित राष्ट्रीय चिकित्सा-सूत्र जाहीर झाले. मूळ हिवतापासाठी सिद्ध केलेले आयुष-६४ पुढे २०२१ मध्ये सौम्य व मध्यम कोविडसाठी पुढे आले. शासकीय संस्थांनी आपापल्या चाचण्या केल्या. पण गावोगावच्या हजारो दवाखान्यांत जे घडले, ते कोठे आहे? आमच्या औषधाने शंभर रुग्ण बरे झाले असे सांगणाऱ्या व्यवसायबंधूस केसपेपर मागावेत, तर अनेकदा हाती येते ती स्मरणशक्ती. बहुसंख्य रुग्ण स्वभावतःच बरे होणाऱ्या व्याधीत शंभरांतले शंभर बरे झाले याने काहीच सिद्ध होत नाही; कोणाला काय दिले, कोणत्या दिवशी दिले, कोणाला रुग्णालयात पाठवावे लागले आणि कोणाला अपाय झाला, हे सांगता आले तर काही हाती लागते.

म्हणून आम्ही येत्या सर्वसाधारण सभेपुढे दोन गोष्टी ठेवू इच्छितो. पहिली वैद्यांसाठी. साथीच्या काळात वापरावयाचा एकपानी केसपेपर संघटनेने आत्ताच, साथ नसताना, छापून ठेवावा. त्यात प्रकृती व अग्नी, ऋतू, चालू असलेली इतर औषधे, दिलेली कल्पना व मात्रा, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची स्थिती, आणि पुढे पाठविले असल्यास त्याची वेळ, एवढ्या नोंदी पुरेत. कांपिल्य नगरीत ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात आत्रेयांनी शिष्याला भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवण्यास सांगितले होते. कागदाचेही तसेच आहे. दुसरी गोष्ट औषधविक्रेत्यांसाठी. काढ्याची भरड, गुळवेल, अश्वगंधा यांच्या प्रत्येक पुडीवर मात्रा, किती दिवस घ्यावे आणि कोणी घेऊ नये, हे मराठीत ठळक छापलेली चिठ्ठी असावी, आणि काष्ठौषधी कोणाकडून, कोणत्या तारखेस आली याची वही दुकानात असावी. गर्दीच्या वेळी गल्ल्यावर चिठ्ठ्या कोण लिहीत बसणार, असे एका ज्येष्ठ विक्रेत्यांनी आम्हांस विचारले. त्यांच्यासाठी शिक्क्याचा नमुना आम्ही करून घेतला आहे. तो सभेच्या दिवशी पाहावयास मिळेल, आणि त्यातील मजकुरात कोणास दुरुस्ती सुचवावयाची असल्यास ती सभेपूर्वी लेखी कळवावी.