संस्थेचे दप्तर एका छताखाली आणा: मागणीपत्र

प्रति,
राज्य शासन व सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, पुणे

आम्ही या संस्थेचे माजी विद्यार्थी, निवृत्त अध्यापक आणि कार्यशाळांतील निवृत्त कर्मचारी आहोत. पुढील मागण्या संघटनेच्या सर्वसाधारण सभेने मंजूर केल्या आहेत.

बांधकाम खात्याला हाताखाली प्रशिक्षित माणसे हवी होती, म्हणून 1854 मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल निघाले. 1866 मध्ये ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले. 1911 मध्ये त्याला कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग हे नाव मिळाले. पुणे विद्यापीठाची स्थापना 1949 ची, संस्थेची स्वायत्तता 2003 ची आणि तिचा स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा 2022 चा. अधिकार बदलत गेले तसे कागदही वेगवेगळ्या दप्तरांत साठत गेले. 1854 ते 2022 या 168 वर्षांच्या नोंदींना एकच जबाबदार धनी असावा, ही आमची पहिली मागणी. त्यासाठी परिनियमांत अभिलेखागाराची तरतूद करून पूर्णवेळ अभिलेखपाल नेमावा. मूळ कागद हलवण्याचा आग्रह नाही. शासकीय पुराभिलेख आणि दोन्ही जुन्या विद्यापीठांकडील संबंधित नोंदींच्या प्रमाणित डिजिटल प्रती 24 महिन्यांत मिळवाव्यात.

हा केवळ अभ्यासकांच्या सोयीचा प्रश्न नाही. ज्याने शिवाजीनगरच्या याच आवारात चार वर्षे काढली, त्याची पदवी मात्र पुणे विद्यापीठाची, त्याला गुणपत्रकाच्या पडताळणीसाठी दोन दारे का ठोठावावी लागावीत? तिन्ही विद्यापीठांनी सामंजस्य करार करून अर्ज एकाच खिडकीवर घ्यावा, 30 दिवसांत निकाली काढावा आणि शुल्क एकदाच आकारावे. 1949 पूर्वीचे पदवीधर आज हयात असणे विरळच. त्यांच्या वारसांना हीच सोय विनाशुल्क मिळावी.

अभिलेखागाराची जागा तळमजल्यावर नसावी. आवार मुळा-मुठेच्या संगमाजवळ आहे, आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर पुण्याच्या नदीकाठाचे काय झाले हे अभियंत्यांना सांगायला नको.

संस्थेचा इतिहास म्हटला की विश्वेश्वरय्यांचे नाव येते. यावेच; 1883 मध्ये येथून बाहेर पडलेल्या या अभियंत्याचे स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये खडकवासल्याला बसले. पण फौंड्री, स्मिथी, सुतारकाम आणि फिटिंग शॉपमध्ये ज्यांनी पिढ्यांच्या हाताला वळण लावले, त्या निदेशकांची, फोरमनांची आणि मदतनिसांची नावे कोणत्या ग्रंथात शोधायची? संस्थेच्या मूळ नावातच मेकॅनिकल स्कूल होते. विद्यापीठाने हाती घ्यावयाच्या अधिकृत इतिहासात कार्यशाळांचा स्वतंत्र खंड असावा. त्यासाठी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती येत्या सहा महिन्यांत सुरू कराव्यात, 75 वर्षांवरील व्यक्तींना अग्रक्रम द्यावा आणि त्यांना मानधन व प्रवासखर्च मिळावा. ही कामे थांबवून ठेवता येणारी नाहीत.

संपादक मंडळात आमचे दोन प्रतिनिधी असावेत. त्यांपैकी एक कार्यशाळेतला. मजकुरावर नकाराधिकार आम्ही मागत नाही.

खर्चासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. जुन्या फायली ओळखणे, नावे जुळवणे, मुलाखती घेणे ही कामे आमचे सभासद विनामूल्य करतील. अभिलेखपालाचे वेतन आणि डिजिटायझेशन मात्र देणग्यांवर सोडू नये.

या पत्रावर 60 दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर आणि चर्चेची तारीख मिळावी. जी मागणी अमान्य असेल, तिचे कारण नियमाच्या आधारासह कळवावे.

संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव