विषवाणिज्य आणि दूरदेशीचा ग्राहक

संवत्सरी प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या आलोचनेपाशी पंधरा कर्मादानांची नावे येतात. अंगारकर्म, वनकर्म येथून आरंभ होतो आणि पुढे दंत, लाक्षा, रस, केश व विष या पाच वाणिज्यांची नावे भराभर उच्चारली जातात. हस्तिदंत आज आपल्यापैकी कोणी विकत नाही, लाखेशीही संबंध उरलेला नाही. त्यामुळे ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणताना मन निर्धास्त असते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या काही बांधवांना मात्र शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांत कृषी सेवा केंद्राच्या फळ्यांवर तांबड्या, पिवळ्या, निळ्या व हिरव्या त्रिकोणांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. तांबडा त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष. शास्त्रातला शब्द तेथे दर छापलेल्या मालाच्या रूपाने उभा आहे.

हे दुकान बंद करा, असे सांगण्याचा अधिकार या स्तंभाला नाही. तसे सांगणे प्रामाणिकपणाचेही होणार नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या मुलखाची शेती बदलली, बाजरीच्या जागी टोमॅटो, कांदा, द्राक्ष, भाजीपाला आला, आणि ही पिके किडीरोगांपासून राखणे हा शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न झाला. ते टोमॅटो तुम्हीआम्ही खातो. तेव्हा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारून उरलेल्यांनी निर्दोष ठरावे, हे काही बरोबर नाही. प्रश्न निराळा आहे, आणि तो जागतिकीकरणाने आपल्यापुढे फार विचित्र रूपात आणला आहे.

दूरदेशीच्या ग्राहकाशी व्यवहार करणे या मुलखाला मुळीच नवे नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून परंपरेने ओळखला जातो. पैठण, तेर येथून निघालेला माल याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचेही लेख आहेत. पुढे मानमोडीच्या अंबिका लेण्यांत जैन मूर्तीही कोरल्या गेल्या. व्यापारबंदीचा अनुभवही जुनाच. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे, की कल्याणचा मुक्त व्यापार बंद पडल्यावर तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे २०२४ मध्ये ती ४० टक्के शुल्कासह खुली झाली, तेव्हा मंचर आणि ओतूरच्या आडतदारांनी जे सोसले, त्याची जातकुळी तीच.

आपल्या आगमानेही दूरच्या व्यापाराला कधी तुच्छ लेखले नाही. उपासकदशांगातील आनंद श्रावक व्रत घेतो, तेव्हा पाचशे गाड्या दूरच्या प्रवासासाठी आणि पाचशे जवळच्या वाहतुकीसाठी ठेवतो. जहाजेही दूरची चार आणि जवळची चार. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला भगवंतांनी श्रावक म्हणून स्वीकारले. मात्र त्याच ग्रंथात, त्याच अध्ययनात, पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. गाड्या किती दूर जाव्यात याला मर्यादा, आणि गाडीत काय भरावे यालाही मर्यादा. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात विषवाणिज्यात विषाबरोबर शस्त्रे, लोखंड आणि हरताळही मोजली आहेत. याचा अर्थ असा, की विकणाऱ्याची जबाबदारी पैसे गल्ल्यात पडताच संपत नाही. वस्तू पुढे काय करील, तेथवर ती जाते.

आता द्राक्षांकडे येऊ. २०१० साली भारतीय द्राक्षांचे अनेक कंटेनर युरोपात अडकले, कारण त्यांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक सापडला. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक बागाईतदारांच्या बोलण्यात ‘सीसीसी’ म्हणून येते. आपल्याकडे ते वर्षानुवर्षे वापरात होते आणि कोणाला त्यात वावगे वाटले नव्हते. निर्यातदारांचे फार मोठे नुकसान झाले. परंतु निर्यातीच्या बागांत आज जी शिस्त आहे, ती पाहण्यासारखी आहे. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदवलेली असते. ‘अपेडा’च्या ग्रेपनेट व्यवस्थेत तिचा माग ठेवला जातो. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना नेतो. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. कोणते औषध चालेल आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी, याची यादी बागाईतदाराच्या हाती असते. नारायणगाव परिसरातील निर्यातीचा बागाईतदार आज औषधाच्या दुकानात येतो तो ही यादी घेऊनच, आणि दुकानदारही तिच्याबाहेरची बाटली त्याला देत नाही.

जे काम आपले उपदेश करू शकले नाहीत, ते परक्या देशाच्या नियमाने केले. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण याच कथेची दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. नमुन्यात अंश मर्यादेबाहेर निघाला, तर त्या बागेच्या मालाला युरोपची वाट बंद होते. देशातील बाजाराची वाट मात्र खुली राहते. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आपल्याकडे आहे आणि त्याखालील नियमांत कीटकनाशकांच्या अंशांच्या मर्यादाही आहेत. तरीही टोमॅटोचा क्रेट बाजाराच्या आवारात उतरतो तेव्हा लिलावात पाहिला जातो तो रंग, आकार आणि कडकपणा. रॉटरडॅमच्या मुलासाठी एक तराजू आणि मंचरच्या मुलासाठी दुसरा! आपल्या तिसऱ्या व्रतात खोटे माप हा अतिचार मानला आहे. हे दुहेरी माप त्यात बसते की नाही, याचा निर्णय जाणकार मुनिवर्यांनी द्यावा. मला तरी ते त्याच जातीचे वाटते.

आणि यात ज्याचे नाव कोठेच येत नाही तो फवारणारा मजूर. युरोपची तपासणी फळाची आहे, त्याच्या फुप्फुसांची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेथील पीक निराळे होते, परिस्थिती निराळी होती. पण पाठीवरचा पंप आणि उघडे तोंड आपल्याकडेही दिसते. बाटलीसोबत हातमोजे आणि मुखपट्टी यांचा विषय काढणारे दुकानदार आहेत, परंतु थोडे.

दुकानदाराची अडचण मी जाणतो. हंगामभर उधारी द्यायची आणि पट्टी झाल्यावर वसूल करायची. शेतकरी पान दाखवतो आणि विचारतो, ‘शेठ, काय मारू?’ त्या क्षणी त्याचा वैद्य, सावकार आणि सल्लागार एकच माणूस असतो. दुसरीकडे विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण केल्यास विक्रेत्यांसाठी परदेश सहलीच्या योजना असतात. दूरदेश आता घाटातून येत नाही, विमानाच्या तिकिटाने येतो. अशा वेळी दोन बाटल्यांऐवजी एक पुरेल, हे सांगायला मनाचा मोठा निग्रह लागतो.

करण्यासारखी एक गोष्ट साधी आहे. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, ते माहितीपत्रकावर छापलेले असते, पण इतक्या बारीक अक्षरात की वयस्क शेतकऱ्याला वाचता येत नाही. तो आकडा दुकानदाराने बिलावर मराठीत ठळक लिहावा, तोंडाने सांगावा, आणि ‘परवा तोडा आहे’ म्हणणाऱ्याला ते औषध देऊ नये. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. खरे आहे, जाईल. एकट्याने हे व्रत पाळता येईल, पण त्याने टोमॅटोतील विष कमी होणार नाही.

म्हणूनच मला पुन्हा त्या धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीची आठवण होते. ते लेणे कोणा एका श्रेष्ठीचे नाही, सगळ्या पेठेचे आहे. आज प्रत्येक तालुक्यात खते-औषधे विक्रेत्यांची संघटना असते. तिच्या बैठकांत कमिशन, उधारी आणि परवान्याचे नूतनीकरण यांवर तासन्‌तास चर्चा होते. पर्युषणानंतरच्या पहिल्या बैठकीत हा बिलावरचा आकडा विषयपत्रिकेवर घेण्यास आपल्या बांधवांपैकी एखाद्याने उभे राहावे. समोरच्या दुकानाचा मालकही त्याच सभागृहात बसलेला असेल.